नाव घालण्याची मजुरी

आमच्या घरात पितळेचा एक तांब्या आहे. आजीच्या वर्षश्राद्धाला वडिलांनी दान द्यायला पाच तांबे घेतले आणि त्यांच्याच जोडीचा हा सहावा घरात ठेवायला म्हणून आणला. गळ्याखाली टिपक्याटिपक्यांनी आजीचं नाव कोरलेलं आहे. आधी ‘कै.’ आणि शेवटी ‘यांचे स्मरणार्थ’. त्या नावात जिथे दुसरी वेलांटी हवी तिथे पहिली आहे. नाव घालणाऱ्यानं घाई केली, वडिलांनी ते घरी आल्यावर पाहिलं, आणि तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पितळेवर उठलेला टिपका पुसता येत नाही. वडील त्या तांब्यानं पाणी प्यायचे तेव्हा त्यांचा अंगठा नेमका त्या वेलांटीवर असायचा. लहानपणी मला ती त्यांची धरायची पद्धत वाटे. झाकायची पद्धत होती, हे फार उशिरा समजलं.

घरच्या घरी काचेच्या ग्लासांवर, वाट्यांवर, बरण्यांवर नावं आणि नक्षी कशी कोरावी, त्याला काय खर्च येतो आणि हात कसा बसवावा, हे सांगणाऱ्या या पुस्तिकेची हस्तलिखित वही माझ्याकडे आली तेव्हा पहिल्यांदा तो तांब्याच आठवला. लेखिकेचं नाव मुखपृष्ठावर आहेच. मी तिला इथे लेखिका म्हणणार आहे, कारण एके काळी ती माझ्या चित्रकलेच्या वर्गात होती आणि विद्यार्थिनी म्हटलं की माझी तिच्याकडे पाहायची नजर उगाच वडीलधारी होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा तिनं आमच्याच शाळेतून दिल्या. अक्षरलेखनात तिचा हात स्वच्छ होता. पुढे लग्न, संसार, मुलं, आणि मग काही वर्षांपूर्वी नगरच्या सावेडीतल्या घराच्या मागच्या गॅलरीत तिनं हे काम सुरू केलं. वहीत जे आहे ते त्या गॅलरीत झालेलं आहे, आणि काय फसलं तेही तिनं लपवलेलं नाही.

वस्तूवर नाव असणं ही आपल्याकडे हौस नव्हती, गरज होती. लग्नकार्यात आळीतली सगळी पातेली, पराती, घंगाळी एका मांडवात जमत. कार्य उरकल्यावर कुणाचं काय हे ओळखायला नावाशिवाय दुसरी खूण नसे. म्हणून भांड्यावर आडनावाची आद्याक्षरं आली, गावाचं नाव आलं, सालही आलं. मग त्या उपयोगाच्या नावात हळूहळू माया शिरली. मामाकडून आलेलं भांडं, आत्याकडून आलेलं भांडं, रुखवतातला डबा, बारशाची वाटी. घरातलं मांडणीचं फडताळ नीट वाचलं तर त्या घराची नातीगोती आणि देणीघेणी त्यात सापडतात. आपल्या नगर जिल्ह्यात तर दान दिलेल्या गोष्टीवर लेख कोरण्याची रीत शेकडो वर्षं मागे जाते. ज्ञानेश्वरी ज्या खांबाला टेकून सांगितली गेली असं आपण मानतो, त्या नेवाशाच्या पैस खांबावरही करवीरेश्वराला दिलेल्या दानाचा लेखच कोरलेला आहे.

नगरला तांब्यापितळेच्या भांड्यांचा धंदा जुना. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये शहराच्या उद्योगांत लुगड्यांच्या विणकामाच्या जोडीनं तांब्यापितळेच्या भांड्यांचा उल्लेख येतो. बारीक छिन्नी आणि लहान हातोडी घेऊन भांड्यावर नाव घालणारे कारागीर मी पाहिले आहेत. ते पेन्सिलीनं काही लिहून घेत नसत. विचारत, ऐकत, आणि टक टक टक करत थेट धातूवर अक्षर उमटवत. स्टील आलं तसं छिन्नी जाऊन विजेवर थरथरणारं पेन आलं. काम वेगानं होऊ लागलं आणि त्याबरोबर एक गोष्ट घडली, ती मला या विषयाच्या मुळाशी वाटते. भांड्याच्या दुकानदारानं नाव फुकट घालून द्यायला सुरुवात केली. भांडं वजनावर घ्या, नाव आमच्याकडून. दुकानाबाहेर स्टुलावर बसलेल्या माणसाला दुकानदार काय देत असेल ते देत असेल. गिऱ्हाइकाला मात्र नावाचा आकडा पावतीवर कधीच दिसला नाही. दोन पिढ्या असं गेल्यावर नावाला किंमत नसते हे आपल्या मनात पक्कं बसलं.

आज घरात बसून काचेवर नाव कोरणाऱ्या बाईपुढे उभी राहणारी सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. काच, रसायन, हात यांतलं काही नाही. “अगं, नुसतं नाव तर घालायचंय,” हे वाक्य लेखिकेनं वहीत तीन ठिकाणी लिहिलं आहे, तीन वेगळ्या बायकांच्या तोंडचं. तिघीही तिच्या जवळच्या.

आता काचेकडे येतो. काच हे आपल्या घरात उशिरा आलेलं भांडं. मराठी माणसाचा काचेच्या कारखानदारीशी संबंध आला तो स्वदेशीच्या काळात. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभा राहिला, टिळकांचं पाठबळ त्याला मिळालं, आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगल्यांनी कारखाना काढला. तिथला प्रभाकर कंदील जुन्या घरांतल्या माणसांना सांगावा लागत नाही. पण या काचेवर हातानं नक्षी करण्याचा घरगुती धंदा आपल्याकडे फारसा रुजला नाही. चहाचा ग्लास फुटला तर केर भरून टाकायचा आणि दुसरा आणायचा, इतकीच त्याची पत. ज्या वस्तूचा भरवसा नाही तिच्यावर नाव कशाला घालायचं, असा तो हिशेब असावा.

तो हिशेब गेल्या काही वर्षांत बदलला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटायचं वाण, लग्नाच्या पन्नास वर्षांची भेट, शाळेतून निवृत्त होणाऱ्या बाईंना वर्गानं द्यायची बरणी, नव्या घराच्या वास्तुशांतीला सहा ग्लासांचा संच. लेखिकेकडे येणारी कामं ही अशी आहेत. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाल्यापासून तिला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: गावाचं नाव कसं घालू? कुणी नवं सांगतं, तर कुणी लग्नपत्रिकेत जे होतं तेच हवं म्हणून जुनं सांगतं. ती गिऱ्हाइकाच्या हातानं कागदावर लिहून घेते आणि खाली सही घेते. हा नियम तिनं गावाच्या नावासाठी केलेला नाही, सगळ्याच मजकुरासाठी केला आहे. काचेवरही वेलांटी पुसता येत नाही.

पुस्तिकेतलं मला सर्वांत आवडलेलं प्रकरण देवनागरी अक्षरांचं. बाजारात मिळणारे छाप, कापलेले साचे, परदेशी पुस्तकांतली उदाहरणं, सगळी रोमन अक्षरांना धरून असतात. तिथे प्रत्येक अक्षर सुटं. आपलं नाव शिरोरेषेला लटकलेलं असतं, आणि साचा कापायला बसलं की या एका रेषेनं सगळंच बदलतं. समजा चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या कागदावर नाव कापलं. आपल्याकडे पूर्वी गाड्यांच्या नंबरप्लेटी करणारा रेडियमवाला हा कागद वापरतो आणि त्याच्या यंत्रावर थोड्या पैशांत नाव कापूनही देतो. आता कोरायचा तेवढा भाग काढून टाकायचा. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध निघून येतो. टोक धरून हळू ओढलं की सापाची कात निघावी तसा. ही सोय झाली. पण त्याच रेषेमुळे ‘प’, ‘म’, ‘य’, ‘ष’ यांच्या पोटातली जागा वरून बंद होते. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांची पोटं तर मुळातच बंद. ही सगळी बेटं काचेवर आपापल्या जागी चिकटून राहायला हवीत. शब्द ओढताना एखादं बेट बरोबर उचललं गेलं, तर ‘व’च्या जागी नुसता पांढरा गोळा उमटतो. कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा साचा असेल तर बेट मुळात टिकतच नाही. त्याला बाजूच्या भागाशी जोडणारा बारीक पूल ठेवावा लागतो.

लेखिकेनं यावर काढलेला उपाय साधा आहे. ती शिरोरेषेलाच मधूनमधून भेग ठेवते, दीडदोन मिलिमीटरची. ‘म’च्या डोक्यावर अशी भेग दिली की पोटातली जागा बाहेरच्या भागाशी जोडली जाते आणि बेट बेट राहत नाही. डोळ्याला ती भेग खटकत नाही. ‘भ’, ‘ध’, ‘थ’ यांच्या डोक्यावर मोकळी जागा पाहायची आपल्याला सवयच आहे. मी तीस वर्षं फळ्यावर आणि पाट्यांवर अक्षरं काढली, पण शिरोरेषेकडे असं पाहायचं मला सुचलं नव्हतं.

अनुस्वार, रफार आणि ऋकार यांच्यावर तिनं वेगळं पान लिहिलं आहे. अनुस्वाराचा टिपका कागदावर शोभतो तेवढाच काचेवर ठेवला तर दिसत नाही, म्हणून तो थोडा मोठा घ्यायचा. मात्र शिरोरेषेपासून लांब ठेवायचा, नाहीतर रसायन दोहोंच्या मधल्या चिमुकल्या पट्टीखाली शिरतं आणि टिपका रेषेला चिकटतो. गोल ग्लासावर लांब नाव दोन्ही टोकांना वळून दिसेनासं होतं. समोरून एका नजरेत मावेल तेवढंच एका ओळीत घ्यायचं, बाकीचं दुसऱ्या ओळीत. वेलांट्या वर आणि उकार खाली जातात, म्हणून दोन ओळींतलं अंतर रोमन अक्षरांपेक्षा जास्त ठेवायचं. या गोष्टी कुठे छापलेल्या मी पाहिल्या नाहीत. केवळ या पानांसाठीही ही पुस्तिका विकत घ्यावी.

यापुढचा भाग मी लेखिकेशी वाद घालून पुढे आणायला लावला. वहीत तो शेवटी होता, आता तो पहिलं प्रकरण आहे. काच खाणारं रसायन कोणतं आणि ते माणसाला काय करतं, याबद्दल तो आहे.

काचेत सुमारे ७० टक्के सिलिका असते, म्हणजे वाळूतलाच मुख्य घटक. बहुतेक आम्लं सिलिकेला हात लावत नाहीत, म्हणून तर ती काचेच्या बाटलीत राहतात. संडास धुवायचं आम्ल लावून ग्लासावर नाव उठवायचा प्रयत्न करणारे लोक लेखिकेला भेटले आहेत. त्यातून काही होत नाही, फक्त हात भाजतात. सिलिका विरघळवतं ते फ्लोरीनचं आम्ल. न्यूरेंबर्गच्या हाइन्रिख श्वानहार्टनं १६७० च्या सुमारास आम्लानं काच कोरल्याची नोंद आहे, आणि शील या रसायनशास्त्रज्ञानं १७७१ मध्ये या आम्लाचा अभ्यास केला. आज घरगुती कामासाठी तयार मलम मिळतं. त्यात बहुतेक वेळा अमोनियम बायफ्लोराइड असतं. ओलाव्यात त्यातून तेच आम्ल थोडं थोडं सुटतं आणि काचेचा वरचा पातळ थर खातं. जिथे खाल्लं तिथे प्रकाश सरळ आरपार न जाता विखुरतो, आणि आपल्याला दुधी अक्षर दिसतं.

हे आम्ल कातडीवर पडलं तर नेहमीच्या आम्लासारखं लगेच झोंबेलच असं नाही. थोडं आणि सौम्य असेल तर काही तास काही कळतही नाही. तोवर फ्लोराइड आत उतरतं आणि शरीरातल्या कॅल्शिअमला धरतं. नंतर जे दुखतं ते आतून, अगदी हाडापर्यंत. म्हणून जाड रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, अंगात लांब बाह्या आणि उघडी हवा. यांतलं एक जरी नसेल तर मलमाचं झाकण उघडू नये. कातडीला लागलं तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली धरावं आणि दुखत नसलं तरी डॉक्टरकडे जाऊन फ्लोराइड लागलंय हे शब्द सांगावेत. त्यावर कॅल्शिअम ग्लुकोनेटचं जेल लावतात. हे काम करणाऱ्यानं ते आधीच डॉक्टरांना विचारून घरात आणून ठेवावं. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम करायचं नाही, आणि लहान मूल रांगत असलेल्या घरात तर मुळीच नाही. मलम धुतल्याचं पहिलं पाणी मोरीत सोडलं तर मोरीच्या चकचकीत फरश्याही दुधी होतात. लेखिका ते प्लास्टिकच्या बादलीत घेते आणि उघड्यावर त्यात चुना कालवते. चुन्यातलं कॅल्शिअम फ्लोराइडला धरून खाली बसवतं. त्या वेळी अमोनियाचा उग्र वास सुटतो, म्हणून तोंड लांब ठेवायचं.

मी हे एवढं लांबवलं याचं कारण आहे. बाजारात हे मलम रंगाच्या बाटलीसारखं विकलं जातं आणि त्यावरची सूचना बारीक रोमन अक्षरांत असते. ज्या घरात ही पुस्तिका जाईल तिथे ती सूचना वाचणारं कुणी असेलच असं मी धरून चालत नाही. आणि ज्यांना हे सगळं पाळणं जमणार नाही त्यांनी रसायनाच्या वाटेला जाऊच नये. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे आणि ती कमी सुंदर नाही.

ती वाट हिऱ्याच्या टोकाची. हातात मावणारं, विजेवर फिरणारं छोटं यंत्र, त्याच्या तोंडाला हिऱ्याची पूड चिकटवलेली सळई. इथे रसायन काही करत नाही, कण काच खरवडतात. हे समजावून घ्यायला आपल्याला लांब जायला नको. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे पाहावेत. काळ्या बेसाल्टात पाण्यानं एवढे गुळगुळीत, गोल रांजण कोरले असं आपण म्हणतो, पण नुसतं पाणी दगड कोरत नाही. भोवऱ्यात सापडलेले गोटे आणि वाळू गरगर फिरत राहतात आणि तेच खडक झिजवतात. पाण्याचं काम त्यांना फिरवत ठेवायचं आणि झिजलेली पूड वाहून न्यायचं. ग्लासावर यंत्र चालवतानाही पाणी हेच काम करतं. काच ओली ठेवली तर टोक तापत नाही, काचेला चिरा जात नाहीत आणि पूड हवेत उडून नाकात जात नाही. ओल्या स्पंजावर ग्लास आडवा ठेवायचा, तोंडाला मास्क लावायचा, आणि विजेच्या यंत्रावर पाणी उडणार नाही इतपतच ओल ठेवायची.

चित्रकलेच्या माणसाला या वाटेतली एक गंमत फार भावते. काच पारदर्शक आहे, म्हणून नक्षीचा कागद ग्लासाच्या आतून चिकटवता येतो. बाहेरून त्यावरून टोक फिरवायचं, गिरवायला घ्यावं तसं. फक्त डोळा सरळ त्या रेघेवर हवा. तिरकं पाहिलं तर काचेच्या जाडीमुळे रेघ सरकते. पहिली रेघ केसाएवढी हलकी, तिच्यावरूनच दुसरी, मग तिसरी. एका दमात खोल जायला गेलं की टोक घसरतं आणि ग्लासावर लांब ओरखडा उठतो. लेखिका नव्या शिकणाऱ्याला आधी लोणच्याच्या रिकाम्या बाटल्यांवर महिनाभर नुसत्या उभ्या, आडव्या, गोल रेघा मारायला लावते. मी पाचवीच्या वर्गाला हेच करायला लावत असे आणि मुलं कंटाळत. ती कंटाळली होती का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

कोणत्याही पद्धतीला ग्लास कुठला घ्यावा हा प्रश्न आहेच. टपरीवरच्या कटिंगच्या ग्लासाला उभ्या पन्हळी असतात, त्यावर साचा बसत नाही. सरळ भिंतीचा, नक्षी नसलेला, थोडा जाड ग्लास बरा. ‘टफन्ड’ असं लिहिलेली काच यंत्राखाली धरायची नाही. तिचा बाहेरचा थर दाबाखाली आणि आतला ताणाखाली असतो. टोक खोल गेलं की ती चिरत नाही, तिचा एकदम चुरा होतो. ओठ लागतो ती कड आणि आतली बाजू कोरायची नाही. मलम लावण्याआधी ग्लास साबणानं आणि मग स्पिरिटनं पुसायचा, आणि पुसल्यावर त्याला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणा डोळ्याला दिसत नाही, पण त्या जागी अक्षर फिकं उमटतं. मलम ब्रशनं पातळ ओढायचं नाही, जाड थापायचं. जास्त वेळ ठेवलं तर जास्त खोल जाईल ही समजूतही चुकीची आहे. या मलमाचं काम वरच्या थरापुरतंच असतं. ग्लास धुतल्यावर ओला असताना नाव जवळजवळ नाहीसं होतं, आणि नवशिक्याच्या पोटात गोळा येतो. कोरडं झालं की ते परत येतं.

आता हिशेब. या पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण हिशेबाचं आहे आणि माझ्या मते ते तिचं काळीज आहे. लेखिकेनं तिच्या सुरुवातीच्या एका घाण्याचे आकडे जसेच्या तसे दिले आहेत. घाणा हा तिचाच शब्द, तळणातला. तिनं २४ ग्लास घेतले, प्रत्येकी ४५ रुपये, म्हणजे १०८० रुपये. रेडियमवाल्याकडून कापून आणलेली नावं १२० रुपये. मलमाची बाटली ८४० रुपयांची, ती तीन घाण्यांना पुरली, म्हणजे या घाण्याचे २८०. हातमोजे, मास्क, स्पिरिट, कापूस मिळून १२०. एकूण १६०० रुपये. ग्लास ती १५० रुपयांना देत होती. वहीच्या त्या दिवसाच्या पानावर तिनं लिहिलं होतं: एका ग्लासामागे १०५ सुटतात, चोवीसचे २५२०.

प्रत्यक्षात २४ पैकी ७ ग्लास वाया गेले. तीन ग्लासांत मलम साच्याखाली शिरलं. दोन ग्लासांवर ठिपके पडले. एक ओल्या हातमोज्यातून निसटून फुटला. एकावर तिनं स्वतः ऱ्हस्व-दीर्घाची चूक केली, आणि त्या दिवसापासून सहीचा नियम आला. उरले १७. त्यांना खोके आणि कागद प्रत्येकी २० रुपये, म्हणजे ३४०. खर्च झाला १९४०. विक्री १७ गुणिले १५०, म्हणजे २५५०. हातात उरले ६१०.

आणि वेळ? तिनं घड्याळ लावून मोजला. पुसायला ५ मिनिटं, साचा चिकटवायला १०, अक्षरं सोलायला ८, मलम आणि धुणं ७, कोरडं करून बांधायला ५. एका ग्लासाला ३५ मिनिटं. चोवीस ग्लासांना, वाया गेलेले धरून, १४ तास. ६१० रुपये १४ तासांचे, म्हणजे तासाला ४३ रुपये आणि काही पैसे. रेडियमच्या दुकानापर्यंतच्या खेपा यात नाहीत, आणि रात्री मुलं निजल्यावर जागवलेले डोळेही नाहीत. तिनं स्वतःच्या तासाचे फक्त ५० रुपये धरले असते तरी १४ तासांचे ७०० होतात, एकूण खर्च २६४० होतो आणि एक ग्लास तिला १५५ रुपयांना पडतो. तो ती १५० ला देत होती. आणि घेणारी म्हणत होती, नुसतं नाव तर घातलंय, १३० ला दे.

मी हे पान दोनदा वाचलं, मग वही मिटून बाहेर येऊन बसलो. आपल्या घरांतल्या बायकांनी किती वर्षं किती पापडांचा, किती शेवयांचा, किती गोधड्यांचा हिशेब असाच केला असेल. डाळीचा भाव लिहिला, कापडाचा लिहिला, सुताच्या गुंडीचा लिहिला, आणि हाताच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही, कारण तो हात घरचा होता. लेखिकेनं तो रकाना आखला. किंमत काय ठेवावी हे ती सांगत नाही. वाया जाणारा माल आधीच धरा, तास मोजा, आणि मग आकडा काढा, एवढंच सांगते. पुढच्या घाण्यात तिचे ७ चे ४ झाले. हात बसतो तो असा, आणि त्यानं खर्चही उतरतो.

यंत्रावर काम करणाऱ्या दुकानांशी तिची चढाओढ होणारच आहे. लेसरवाला तेच नाव काही मिनिटांत घालून देतो, सगळे ग्लास अगदी एकसारखे. वाळूचा मारा करून दारांच्या काचांवर नक्षी करणारे कारखानेही आहेत. तिथल्या कामगारांच्या छातीत साध्या वाळूची पूड जाऊन काय होतं हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. पन्नास वाणं एका दिवसात हवी असतील तर गिऱ्हाइकानं लेसरकडे जावं, असं लेखिका स्वतःच लिहिते. तिच्याकडे येणाऱ्या माणसाला एखादंच नाव हवं असतं. ते आजोबांच्या जुन्या पत्रातल्या सहीसारखं हवं असतं, किंवा आईच्या रांगोळीतलं गोपद्म ग्लासावर हवं असतं. त्याला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे पडतात.

ही प्रस्तावना लिहायला घेतल्यावर मी तांब्या घेऊन तिच्याकडे गेलो. त्यावरचं अक्षर तिला दाखवलं आणि त्याच वळणाचं, टिपक्याटिपक्यांचं नाव एका साध्या ग्लासावर यंत्रानं घालून मागितलं. कागदावर मी नाव लिहिलं, दुसऱ्या वेलांटीसह, आणि खाली सही केली. तिनं मला बसवलं, चहा दिला, आणि पैशांचं विचारल्यावर म्हणाली, “सर, तुमच्याकडून काय घ्यायचे?” मी तिची वही हिशेबाच्या प्रकरणावर उघडून तिच्यापुढे ठेवली. तिनं पेन घेतलं आणि बाजूच्या कोऱ्या जागेत बेरीज केली. ग्लास, टोकाची झीज, एखादा वाया गेला तर त्याचा वाटा, अडीच तास. एकूण २४० रुपये. मी दिले, आणि तिनं पावती लिहिली. पावतीवर दोन ओळी होत्या, एक ग्लासाची आणि एक नावाची.